कोबीतलं मोहरीचं सापळा पीक: कोणत्या दिवशी काय करायचं आणि कुठे चुकतं

कोबीची पानं खाणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला कोबीऐवजी मोहरीकडे ओढला जावा, म्हणून कोबीच्या प्लॉटमध्ये मोहरीच्या ओळी सापळा पीक म्हणून लावतात. त्या आता पुष्कळ ठिकाणी दिसतात. त्याच प्लॉटमध्ये पानांची चाळणीही झालेली दिसते आणि शेतकरी सांगतो, "मोहरी लावली होती, पण फरक पडला नाही." अशा प्लॉटमध्ये चौकशी केली की बहुतेक वेळा एकच गोष्ट कळते. मोहरी पेरली, पण योग्य वेळी नाही, किंवा पेरल्यावर तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. पतंग आला, त्याने मोहरीवर मनसोक्त अंडी घातली, अळ्या वाढल्या, कोष झाले आणि पुढची पिढी शेजारच्याच कोबीवर उतरली. म्हणजे आपणच किडीसाठी रोपवाटिका चालवली.

सापळा पीक दोनच अटींवर चालतं. संध्याकाळी मादी पतंग अंडी घालायला निघते, तेव्हा कोबीपेक्षा मोहरी तिला जास्त ओढणारी असली पाहिजे. आणि मोहरीवर घातलेल्या अंड्यातून एकही पतंग बाहेर पडता कामा नये. खालचा प्रत्येक टप्पा या दोन अटींपैकी एकीसाठी आहे. टप्पा गाळायचा मोह झाला, तर तो कोणत्या अटीसाठी होता ते आधी बघा.

## आधी मादी पतंग जागा कशी निवडते ते समजून घ्या

आपण बोलतोय चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाबद्दल, म्हणजे डायमंडबॅक मॉथबद्दल. शास्त्रीय नाव प्लुटेला झायलोस्टेला. पतंग जेमतेम ८ ते १० मिलिमीटरचा, करड्या-तपकिरी रंगाचा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकटींची माळ दिसते. अळी फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लटकून खाली उतरते. हीच तिची सगळ्यात सोपी ओळख.

मादी दिवसा पानाखाली दडून बसते. अंडी घालण्याचं काम अंधार पडू लागला की सुरू होतं आणि पहिल्या एक-दोन तासांत जोरात चालतं. मीलनानंतर ती फार वेळ दवडत नाही. पहिल्याच रात्री बरीच अंडी पडतात, पुढच्या रात्रींमध्ये संख्या उतरत जाते. एक मादी आयुष्यात साधारण दीडशे-दोनशे अंडी घालते.

आता रसायनाचा भाग, कारण सगळी युक्ती तिथेच आहे. मोहरी, कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल या कुळातल्या झाडांमध्ये ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात. सिनिग्रिन हे त्यातलं एक. पानाच्या पेशी फुटल्या की पानातलंच मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) या द्रव्यांना गाठतं आणि आयसोथायोसायनेट तयार होतात. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात झणझणीत जातो तो हाच वास. बहुतेक किडींना तो दूर ठेवतो. या पतंगाच्या अळीकडे मात्र ग्लुकोसिनोलेट निकामी करणारं विकर पोटातच आहे, त्यामुळे इतरांसाठी विष असलेलं पान तिला सुरक्षित घर ठरतं. म्हणून मादीला हा वास "इथे ये" असंच सांगतो.

निवड दोन पायऱ्यांत होते. आधी हवेतून येणारा वास तिला झाडापर्यंत आणतो. मग ती पानावर उतरते, मिशांनी आणि पायांनी पान चाचपते. पानाच्या पृष्ठभागावर ग्लुकोसिनोलेट आणि मेणाच्या थरातली ओळखीची द्रव्यं लागली की अंडं घालते. पान खडबडीत असेल, शिरेलगत खोलगट जागा असेल, तर ती जागा तिला विशेष आवडते. भारतीय मोहरीत या दोन्ही गोष्टी मिळतात.

इशारा: मोहरीच्या पेंडीचं किंवा पाल्याचं पाणी "तिखट आहे, कीड पळेल" म्हणून कोबीवर फवारायला कुणी सुचवलं, तर करू नका. ज्या खुणा पाहून मादी अंडी घालते, त्याच खुणा आपण कोबीच्या पानावर लावून देऊ.

## टप्पा १: ओळींची आखणी (लागवडीच्या महिनाभर आधी)

बंगळूरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने बसवलेली पद्धत अशी: कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी. या दोन ओळी शेजारी-शेजारी असतात, पण त्यांची पेरणी एकाच दिवशी होत नाही. एक ओळ कोबीच्या लागवडीच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. प्लॉटची पहिली आणि शेवटची ओळही मोहरीची ठेवायची.

४५ सेंटिमीटर अंतरावर लागवड असेल, तर २५ ओळी म्हणजे सव्वाअकरा मीटर. म्हणजे कुठलंही कोबीचं रोप मोहरीपासून साडेपाच-पावणेसहा मीटरपेक्षा लांब राहत नाही. हा पतंग झाडाझाडांवरून, जमिनीलगत थोडं-थोडं उडतो. अंतर वाढवलं तर मधल्या कोबीवर उतरलेली मादी तिथेच काम उरकते. नुसती बांधाच्या कडेने मोहरी लावली, की नेमकं हेच होतं.

आखणी करताना तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा: लागवडीची तारीख, त्याआधीच्या १५ व्या दिवसाची तारीख आणि त्यानंतरच्या २५ व्या दिवसाची तारीख. पुढचं सगळं या तीन तारखांवर उभं आहे.

शेजारी जुना कोबी किंवा फ्लॉवर उभा आहे का, हेही याच वेळी बघा. जुन्नर-आंबेगाव किंवा नाशिक पट्ट्यात एकाच शिवारात वेगवेगळ्या वयाचे प्लॉट सर्रास असतात. जुना प्लॉट ज्या बाजूला आहे, त्या बाजूला कडेच्या एका ओळीऐवजी मोहरीच्या दोन ओळी ठेवाव्यात असं माझं मत आहे. पतंगांचा पहिला लोंढा तिकडूनच येतो.

फ्लॉवरबद्दल: फ्लॉवर या पतंगाला कोबीइतकाच, बऱ्याचदा कोबीपेक्षाही जास्त आवडतो. मोहरी आणि मुख्य पीक यांच्यातला ओढीचा फरकच कमी पडतो. त्यामुळे फ्लॉवरमध्ये हीच पद्धत जशीच्या तशी भरवशाची धरू नका.

## टप्पा २: रोपवाटिका स्वच्छ ठेवा

या टप्प्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. रोपं २५ ते ३० दिवस गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये असतात आणि तेवढ्या काळात पतंगाला दुसरा यजमान जवळ नसतो. रोपांवर अंडी असतील, तर आपण ती स्वतःच्या हाताने प्रत्येक ओळीत नेऊन लावतो आणि मग मोहरी कितीही वेळेवर पेरलेली असली तरी उपयोग नाही.

गादीवाफ्यावर कमानी करून ४० मेशची कीडरोधक जाळी पहिल्या दिवसापासून लावा. कडा मातीत दाबा. पाणी देण्यासाठी जाळी उघडायची ती सकाळी. सूर्य कलल्यावर उघडली तर पतंग आत शिरायला तीच वेळ. सावलीच्या नेटची भोकं मोठी असतात, ती या कामाची नाही.

रोपं विकत आणत असाल, तर शंभरातली वीस रोपं उलटीपालटी करून बघा आणि मगच पैसे द्या.

तपासणी (अंडी ओळखणं): शेतीसेवा केंद्रात किंवा चष्म्याच्या दुकानात मिळणारं १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. अंडं अर्ध्या मिलिमीटरहून लहान, लंबगोल, चपटं, पिवळसर. एकेकटं, नाहीतर दोन-चार ते सात-आठच्या लहान पुंजक्यात, शिरेलगतच्या खोलगटीत. उबण्याच्या आधी ते गडद होतं. केसाळ, तपकिरी लव असलेला मोठा पुंजका दिसला तर तो स्पोडोप्टेराचा, म्हणजे तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीचा. त्याच्यासाठी मोहरी हा सापळा नाही. तिथे बांधावर एरंड लावून त्याची पुंजके असलेली पानं तोडणं हा वेगळा उपाय आहे. दोन किडींची गल्लत झाली की "मोहरी लावूनही अळी आली" ही तक्रार सुरू होते.

## टप्पा ३: पहिली मोहरी, लागवडीच्या १५ दिवस आधी

बियाणं मोहरीचं, म्हणजे ठळक दाण्याची भारतीय मोहरी घ्या. किराणा दुकानातली मोहरी स्वस्त पडते, पण जुनी असेल तर उगवण विरळ होते आणि ओळीत खंड पडतात. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. तीन-चार दिवसांत ऐंशीच्या आत मोड आले, तर बी दाट पेरा किंवा बदला.

खोली दीड ते दोन सेंटिमीटर. उगवल्यावर विरळणी करून दोन रोपांत ८ ते १० सेंटिमीटर ठेवा. सलग, दाट, हिरवी भिंत हवी. मध्ये हातभर मोकळी जागा राहिली असेल तर आठवड्याच्या आत नांग्या भरा, म्हणजे तिथे पुन्हा बी टाका.

या ओळीला उपाशी ठेवू नका. "सापळाच तर आहे, त्याला कशाला खत" हा विचार चुकीचा आहे. ग्लुकोसिनोलेटच्या घडणीत गंधक लागतं. गंधकाशिवाय वाढवलेल्या झाडांवर ही मादी कमी अंडी घालते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून मोहरीच्या ओळीत पेरताना दहा मीटरला दोन मुठी जिप्सम आणि थोडं कुजलेलं शेणखत घालावं. उलट बाजूने, कोबीला युरिया ठरल्यापेक्षा जास्त टाकला की पान लुसलुशीत होतं आणि मादी तिकडे वळते. मोहरी पिवळी आणि कोबी काळाभोर हिरवा, असा प्लॉट दिसला की सापळा उलटा लागलाय असं समजा.

१५ दिवस आधीच का? लागवडीच्या दिवशी कोबीच्या रोपाला चार-पाच पानं असतात आणि ते मरगळलेलं असतं. शेजारी पंधरा दिवसांची, भरभर वाढणारी मोहरी असेल तर पहिल्याच संध्याकाळपासून मादीला तीच आधी लागते. दोन्ही एकाच दिवशी लावली, तर पहिले दोन आठवडे शेतात सापळाच नसतो, आणि कोबीचं रोप सर्वांत नाजूक असतं ते त्याच काळात.

तपासणी: लागवडीच्या दिवशी मोहरी वीतभर असली पाहिजे. नसेल, उगवण फसली असेल, तर लागवड पाच-सहा दिवस पुढे ढकलता येते का बघा. ढकलता येत नसेल तर या हंगामात पहिले तीन आठवडे कोबीची तपासणी दर तिसऱ्या दिवशी करावी लागेल हे धरून चाला.

## टप्पा ४: लागवड आणि अंड्यांची आठवडी मोजणी

लागवड झाली की लगेच एकरी चार-पाच कामगंध सापळे (मादीच्या कृत्रिम वासाने पतंग पकडणारे) लावा. ते कशासाठी आहेत हे मात्र स्पष्ट हवं. कामगंध सापळ्यात नर येतात. अंडी मादी घालते. सापळा भरला म्हणजे कीड आटोक्यात आली असा अर्थ होत नाही. पतंग उडू लागलेत आणि तीन-चार दिवसांत अळ्या दिसतील, एवढीच सूचना त्यातून मिळते. या सूचनेवर मोहरीकडे जायचं, कोबीकडे पंप घेऊन धावायचं नाही.

मोजणी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी करा. मोहरीची वीस झाडं आणि कोबीची वीस झाडं वेगवेगळ्या ओळींतून निवडा. कोबीची निम्मी झाडं मोहरीलगतच्या ओळींतली आणि निम्मी अगदी मधल्या ओळींतली घ्या. प्रत्येक झाडाची तीन पानं दोन्ही बाजूंनी बघून अंडी आणि लहान अळ्या मोजा. आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा.

एकट्या आकड्यापेक्षा दोन्हींचं नातं महत्त्वाचं. मोहरीवर भरपूर आणि कोबीवर तुरळक, तर सापळा काम करतोय. दोन्हींवर सारखी, तर मोहरी म्हातारी झालीय, विरळ आहे किंवा उपाशी आहे. मोहरीवर कमी आणि मधल्या कोबीवर जास्त, तर रोपांबरोबर अंडी आली असण्याची शक्यता मोठी. तिन्ही परिस्थितींत करायचं काम वेगळं आहे. मोजणी न करता फवारणी घेणाऱ्याला हे कळायला मार्गच नाही.

इशारा: खुरपणी, भर लावणं, खालची पानं काढणं ही कामं दुपारच्या आत उरका. पानं दुखावली की झणझणीत वास सुटतो, आणि हाच वास मादीला बोलावतो. संध्याकाळी पाचला कोबीत खुरपणी संपवून घरी येणं म्हणजे नेमक्या तिच्या वेळेला कोबीचा वास वाढवणं.

## टप्पा ५: मोहरीवरची पिढी तिथेच संपवा

बहुतेक सगळे इथे चुकतात, म्हणून इथे जरा थांबू.

उबदार हवेत अंडं तीन-चार दिवसांत उबतं, थंडीत पाच-सहा. बाहेर पडलेली इवलीशी अळी आधी पानाच्या आत शिरून पोखरते. नंतर पृष्ठभागावर येते आणि खालून पान खरवडून खाते, वरचा पापुद्रा काचेच्या खिडकीसारखा उरतो. आठ-दहा दिवसांत ती पूर्ण वाढून विरळ जाळीदार कोष विणते आणि चार-पाच दिवसांत पतंग बाहेर. म्हणजे गरमीच्या दिवसांत अंड्यापासून पतंगापर्यंत पंधरा ते वीस दिवस. आठवड्यातून एकदा मोहरीवर कारवाई झाली, तर कुठल्याही अळीला कोषापर्यंत जायला वेळ मिळत नाही. दोन आठवडे राहून गेलं, तर एक अख्खी पिढी निसटते.

जुन्या पत्रकांमध्ये मोहरीवर डायक्लोरव्हॉस फवारायला सांगितलेलं सापडेल. ते वाचून औषध शोधू नका. ३१ डिसेंबर २०२० पासून भारतात त्यावर बंदी आहे.

त्याऐवजी हा क्रम धरा.

पहिला पर्याय बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी, म्हणजे बीटी. मात्रा पाकिटावर छापलेली. हे जिवाणू अळीच्या पोटात गेले तरच काम करतात, त्यामुळे अळी लहान आणि खाती असताना, पानाच्या खालच्या बाजूला, सूर्य मावळताना फवारा. उन्हात त्यांचा असर लवकर उतरतो. पान पोखरून आत बसलेल्या अळीपर्यंत ते पोहोचत नाहीत, म्हणून एकच फवारणी पुरत नाही. आठवड्याचा फेरा मोडू नका.

बीटीनेही अळ्या आटोक्यात येत नसतील, तर कोबीवरच्या या किडीसाठी शिफारस असलेलं दुसरं औषध वापरा, पण त्याचा रासायनिक गट वहीत लिहून ठेवा. हा पतंग औषधांना पचवण्यात फार पटाईत आहे. १९५३ मध्ये जावा बेटावर शेतातच डीडीटीला दाद न देणारा कीटक म्हणून त्याची नोंद झाली आणि बीटीलाही शेतात प्रतिकार दाखवण्यात तो पहिला ठरला. मोहरीवर आणि कोबीवर एकच गट पाठोपाठ वापरला, तर सगळ्या अळ्यांची निवड एकाच दिशेने होते.

तिसरा पर्याय हाताचा आहे आणि लहान प्लॉटसाठी मला तोच सर्वांत पसंत. मोहरीची अळ्या-अंड्यांनी भरलेली खालची पानं आठवड्याला तोडायची, पोत्यात भरायची, पोत्याचं तोंड बांधून उन्हात दोन दिवस ठेवायची आणि मगच खड्ड्यात गाडायची. तोडलेली पानं बांधावर टाकली, तर अळ्या चालत परत येतात.

इशारा: मोहरीची कोवळी पानं भाजीसाठी खुणावतात. फवारलेल्या सापळा ओळीतली मोहरी घरात नेऊ नका आणि जनावरांनाही घालू नका.

दुसरा इशारा: मोहरीच्या बियाण्याला किंवा ओळीला सुरुवातीलाच आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारं) औषध देऊन "आता बघायला नको" असं करू नका. औषधाचा असर काही आठवड्यांत संपतो आणि मोजणी थांबलेली असते, त्यामुळे तो कधी संपला हे लक्षातही येत नाही.

मोहरीवर मावा, पानं गुंडाळणारी अळी आणि झाडाचा रस शोषणारे ढेकूणही जमतात. त्याने घाबरू नका, ते कोबीवर येण्याऐवजी इथे आलेत. मावा फार झाला आणि मोहरी वाळू लागली, तर मात्र सापळा जाईल. तेव्हा साबणाच्या पाण्याची फवारणी करून झाड जगवा.

## टप्पा ६: दुसरी मोहरी, लागवडीनंतर २५ व्या दिवशी

पहिली मोहरी आता चाळीस दिवसांची आहे. ती फुलावर येते, पानं जून होतात आणि तिची ओढ उतरते. कोबी मात्र याच सुमाराला गड्डा धरायच्या तयारीत असतो. नेमक्या या वळणावर सापळा विरला तर पुढचं नुकसान थेट गड्ड्यात दिसतं. पहिली ओळ वेळेवर पेरणारेही दुसरी विसरतात, कारण शेतात "मोहरी आहेच" असं दिसत असतं. पिवळी फुलं दिसतात, पण सापळा संपलेला असतो.

म्हणून राखून ठेवलेल्या शेजारच्या ओळीत २५ व्या दिवशी दुसरी पेरणी. तोवर ती ओळ तणाने भरली असेल, ती आधी साफ करा. कोबीची बाहेरची पानं पसरून या ओळीवर सावली करत असतील तर ती हलक्या हाताने बाजूला करा, सकाळीच.

दुसरी मोहरी वीतभर होईपर्यंत पहिली उपटायची नाही. त्या दोन आठवड्यांत पहिलीचे शेंडे विळ्याने छाटा. बगलेतून कोवळे फुटवे येतात आणि तेवढ्यापुरती ओढ टिकते. फुलं ठेवली तर परोपजीवी (अळीच्या अंगात अंडी घालून तिला मारणाऱ्या) गांधीलमाश्यांना मधुरस मिळतो, हे खरं. पण पतंगही तोच मधुरस पितो. माझा कौल छाटणीला आहे. तरीही काही फुलं उरली असतील तर मधमाश्या परतल्यावर, अंधार पडतानाच फवारा.

तपासणी: लागवडीनंतर ४० व्या दिवशी शेतात उभं राहून बघा. दुसरी मोहरी कोवळी, हिरवी, सलग आहे आणि पहिली उपटून बाहेर गेलीय. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच पुढे जा.

## टप्पा ७: कोबीवर स्वतः काय करायचं

मोहरी सगळीच अंडी खेचत नाही. काही कोबीवर पडणारच. इथे निंबोळी अर्क दोन प्रकारे कामाला येतो. अळीचं खाणं आणि कात टाकणं बिघडतं, आणि निंबोळीतल्या कडू द्रव्यांमुळे पानाची "चव" बदलल्याने मादी उतरूनही कमी अंडी घालण्याची शक्यता असते. दुसऱ्या परिणामावर एकट्याने विसंबू नका, पहिला जास्त खात्रीचा आहे.

५ टक्के अर्कासाठी ५ किलो निंबोळी पावडर ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. दुसरीकडे १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा. सकाळी निंबोळीचं पाणी ढवळून दुहेरी फडक्यातून गाळा, साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. निंबोळ्या बुरशी लागलेल्या, काळ्या पडलेल्या नकोत. अर्क त्याच दिवशी संपवा आणि संध्याकाळी फवारा, निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य उन्हात टिकत नाही. कोबीच्या पानावर मेण असतं, साबण कमी पडला तर थेंब मोत्यासारखे घरंगळतात. एका पानावर फवारून बघा, पाणी पसरलं तरच पुढे.

पहिली फवारणी गड्डा धरण्याच्या सुरुवातीला, लागवडीनंतर साधारण १८ ते २५ दिवसांच्या दरम्यान. पुढच्या १० ते १५ दिवसांच्या अंतराने, मोजणी बघून. निंबोळी अर्क मोहरीवर फवारू नका. अळ्या मारायला बीटी आहे. मोहरीची ओढ टिकवायचीय, ती कडू करायची नाही. पंपाने कोबी फवारताना मोहरीलगतच्या ओळीत नोझल खाली धरा.

तुषार सिंचन असेल तर आणखी एक साधन हातात आहे. हवाईत वॉटरक्रेसच्या पिकात संध्याकाळी वरून पाणी दिल्यावर या पतंगाचं अंडी घालणं कमी झालेलं आढळलं. पाण्याच्या माऱ्यात मादीला उडता-बसता येत नाही आणि लहान अळ्याही धुतल्या जातात. पण कोबीत घाण्या रोग (ब्लॅक रॉट) असेल तर हे करू नका. पान रात्रभर ओलं राहिलं की तो झपाट्याने पसरतो. ठिबकवर चालणाऱ्या शेतात यासाठी वेगळी तुषार बसवण्याची गरज नाही.

कोबीवर रासायनिक औषध घ्यायची वेळ आलीच, तर डब्यावरची काढणीपूर्व प्रतीक्षा (शेवटच्या फवारणीनंतर काढणीआधी थांबायचा काळ) दिवसांत मोजा आणि व्यापाऱ्याला तारीख देण्याआधी ती वहीतल्या तारखेशी जुळवा.

## टप्पा ८: काढणीनंतर आठवड्याच्या आत

गड्डे कापून नेले की बुडखे शेतात उभे राहतात आणि ओल मिळाली की त्यांना कोवळे फुटवे येतात. पतंगाच्या दृष्टीने ही ताजी, उत्तम जागा. शेजारच्या प्लॉटमध्ये पुढची लागवड होते तेव्हा पतंग तिथूनच निघतात. काढणी तोड्यांत होत असेल तर शेवटच्या तोड्याची वाट पाहत अर्धा प्लॉट महिनाभर तसाच ठेवू नका. रिकाम्या झालेल्या ओळींतले बुडखे लगेच उपटा.

क्रम असा ठेवा: आधी कोबीचे बुडखे आणि पाला, मग सगळ्यात शेवटी मोहरी. मोहरी आधी काढली तर तिच्यावरच्या माद्यांना फुटव्यांशिवाय जागा उरत नाही. मोहरी उपटण्याच्या दोन दिवस आधी तिच्यावर शेवटची बीटी फवारणी घ्या. उपटलेली मोहरी ढीग करून ठेवू नका, कोष ढिगात सुरक्षित राहतात. रोटाव्हेटरने दोन्ही मातीत मिसळा किंवा खड्ड्यात घालून वीतभर माती लोटा.

त्याच शेतात लगोलग पुन्हा कोबी, फ्लॉवर, मुळा किंवा नवलकोल नको. कांदा, मका, हरभरा, टोमॅटो चालेल. टोमॅटो घेणार असाल तर तिथे फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडूचं सापळा पीक आहे: १६ ओळींमागे १ ओळ, टोमॅटोची २५ दिवसांची रोपं लावताना झेंडूची रोपं ४० दिवसांची असावी लागतात. म्हणजे झेंडूचं बी टोमॅटोच्या बियाण्याच्या १५ दिवस आधी टाकायचं. ती तारीख कोबीची वही हातात आहे तोवरच पुढच्या पानावर लिहून ठेवा.